फूल अंगावर येते तेव्हा

अंबत्तूर, चेन्नई
रविवार, भर उन्हात

ती. कमलिनीआत्यास,

दिनकरचा घाम पुसून, हात धुऊन केलेला नमस्कार. तुझा रक्तदाब, कुंडीतला कढीपत्ता आणि शेजारच्यांशी चाललेले पार्किंगचे भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही बरे आहोत. म्हणजे माझ्या कपाळावर एक, हनुवटीवर एक आणि छातीवर एक असे तीन गोल डाग सोडले तर बरे. (तुझ्या सुनेने, म्हणजे रेवाने, त्यांचे फोटो काढून माहेरी पाठवले आहेत. तिकडे कुणाला काळजी वाटल्याचे अजून कळलेले नाही.)

झाले असे, की डॉक्टरांनी साखरेवरून दम दिल्यावर मी जानेवारीपासून इथल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी साडेसहाच्या बॅचला जातो. तू मिरजेच्या शाळेत तीस वर्षे मुलींना खेळ शिकवलास, म्हणून तुला सांगायला लाज वाटते, पण समोरच्याने स्मॅश मारला की माझे काय होते ते मलाच कळत नसे. शटल (तू त्याला फूल म्हणायचीस, पण अंगावर आल्यावर तो शब्द सुचत नाही) वर गेलेले दिसे, आणि मग एकदम माझ्या पायाशी पडलेले दिसे. मधला भाग गायब. दोन आठवड्यांत सगळ्या हॉलला कळले की जोर काढायचा असेल तर तो दिनकरवर काढावा. संयुक्ता नावाची चोवीस वर्षांची एक मुलगी आहे, जवळच्याच आयटी कंपनीत काम करते. ती उडी मारून असा स्मॅश मारते की आधी आवाज ऐकू येतो आणि मग मी "सॉरी" म्हणतो. मी का म्हणतो, हेही एक कोडेच.

एप्रिलच्या शेवटी हॉलच्या मॅनेजरने फलक लावला. सकाळी गर्दी फार होते, तेव्हा मे महिन्यात स्पर्धा होईल आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या जोड्यांना दुपारी दोनच्या बॅचला जावे लागेल. आत्या, हॉलला पत्र्याचे छप्पर आहे. मेमध्ये दुपारी दोन वाजता तिथे पापड वाळतील. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या आणि माझी चिठ्ठी निघाली ती राममूर्तीमामांबरोबर. (इथे वडीलधारा माणूस सहज मामा होतो.) हे निवृत्त बँक कारकून, वय सहासष्ट, तंजावरकडचे मराठी. पंधरा वर्षे सकाळी खेळून, मग मित्रांबरोबर कोपऱ्यावर कॉफी पिऊन घरी जाण्याचा त्यांचा नेम. माझे नाव वाचून, चिठ्ठीची घडी घालत ते म्हणाले, "सरि (म्हणजे ठीक). देवाची इच्छा." मला फार वाईट वाटले. मी दुपारी गेलो असतो तरी चालले असते, पण माझ्यापायी त्यांची कॉफी जाणार होती.

गंमत म्हणजे मामा स्वतः कुठलाही स्मॅश परत करतात, आणि तेही जवळजवळ न हलता. मला राहवेना. मी विचारले, हे जमते कसे? त्यांनी मला घरी बोलावले आणि गरम कॉफीचा स्टीलचा टंबलर हातात दिला. "आतां धर," म्हणाले. मी तो कडेला दोन बोटांनी धरला. "कां घट्ट धरला नाहींस?" भाजेल म्हणून. "मग रॅकेट कां गळा दाबल्यासारखी धरतोस? ढिली धर. शटल लागेल तेव्हांच बोटें आवळ." शिवाय गुडघे वाकव, रॅकेट पोटासमोर धर, अंगावर आलेले बॅकहँडने घे आणि मारायला जाऊ नकोस, नुसती वाट अडव. जोर समोरच्याचाच आहे, तो त्यालाच परत कर. हे सगळे मी वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शटल हनुवटीवर खाल्ले.

खरा शोध लावला तो त्यांच्या बायकोने, अलमेलूमामींनी. गच्चीवर मामा मला सराव देत होते आणि मामी खुर्चीत बसून हाताने शटल फेकत होत्या. (फेक काय जोरदार! मी विचारले तर म्हणाल्या, नारळाच्या झाडावरचीं माकडें हांकून हांकून हात बसला.) दहाव्या शटलनंतर त्या थांबल्या. "अय्यो तंबी, तूं डोळे कां झांकतोस रे?" (तंबी म्हणजे धाकटा भाऊ.)

मी ठामपणे नाही म्हणालो. बरोबर आलेल्या रेवाने फोनवर चित्रीकरण केले. आत्या, मी प्रत्येक वेळी डोळे गच्च मिटत होतो! एकेचाळीस वर्षांचा मी, आणि माझ्या तोंडावर हे घडते आणि मला पत्ता नाही! आणखी काय काय घडत असेल?

मामींनी उपाय काढला. निम्म्या शटलांच्या बुचाला कुंकू लावले, निम्म्यांना हळद. शटल लागायच्या आधी मी रंग ओरडून सांगायचा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना "कुंकू!" म्हणालो आणि निम्मी बरोबर आली, पण मामींना फसवणे सोपे नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हळदच लावली. आठवड्याभराने मात्र रंग दिसू लागला, आणि त्याबरोबर एक नवलही. शटल रॅकेटवरून सुटते तेव्हा बाणासारखे असते, पण पिसांमुळे आपल्यापाशी येईतो त्याचा पुष्कळसा जोर वाटेतच गेलेला असतो. मी ज्याला भीत होतो, ते माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हते. हे बघायला मला डोळे उघडावे लागले, एवढेच.

आज सकाळी स्पर्धा झाली. पहिलीच फेरी, आणि समोर संयुक्ता! जोडीला सिद्धार्थ म्हणून एक उंच मुलगा. तिने सवयीने पहिला स्मॅश माझ्यावर मारला. मी सवयीने "हळद!" ओरडलो आणि तो परत गेला. दोघेही बघतच राहिले. पंचांनी खेळ थांबवून तमिळमध्ये चौकशी केली. मामांनी गंभीरपणे सांगितले की आमच्या मराठी लोकांत असे म्हणतात. पंच म्हणाले, मनात म्हणा. त्यानंतर मी मनात म्हणत होतो. चुकाही भरपूर केल्या, एकदा तर मामांच्याच पाठीवर शटल मारले. पण एकवीस गुणांच्या एकाच डावात वीस-एकोणीस अशी आमची आघाडी आली. संयुक्ताने लागोपाठ सात स्मॅश मारले. मी मोजले, आत्या, म्हणजे मी पाहिले! सहा मी उंच परत केले. सातव्याला ती पार मागे होती. मी रॅकेट नुसती समोर धरली, बोटे जराशी आवळली. शटल जाळीच्या माथ्याला टेकले, विचार केल्यासारखे थांबले आणि पलीकडे पडले.

मामा पुढच्या सर्व्हिससाठी जागेवर जाऊन उभे राहिले. सामना संपला हे पंचांनी त्यांना सांगितले. मग त्यांनी रॅकेट काखेत धरली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. दुसऱ्या फेरीत आम्ही एकवीस-सहाने हरलो, पण तेव्हा आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या कॉफीबद्दलच विचार करत होतो.

रेवाचा नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
दिनकर

ता. क. घरी परतताना संयुक्ता भेटली. मी दुपारच्या बॅचबद्दल हळहळ व्यक्त केली, तर ती म्हणाली की तिची शिफ्ट बदलली आहे आणि तिला दोनचीच वेळ हवी होती, महिनाभर ती मागत होती. आता आम्ही जिंकलो की ती मुद्दाम हरली, हे मी जेवताना रेवाला चार वेळा विचारले. ती आमटी वाढून उठून गेली.

ता. क. दुसरा. फोन न करता पत्र का लिहिले आणि उत्तरही पत्रानेच का हवे, ते आता सांगतो. काल गच्चीवर मामा पाणी आणायला खाली गेले, तेव्हा अलमेलूमामींनी माझी रॅकेट उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारले, "तुझी आत्या पोरींना शिकवत होती म्हणतोस. चौसष्ट वर्षांच्या पोरीला शिकवेल काय?" त्यांनी आजवर रॅकेट धरलेली नाही. लहानपणी भाऊ खेळायचे, त्या शटल उचलून द्यायच्या. मामांकडून शिकायचे नाही, ते समजावून फार सांगतात; आणि त्यांना एवढ्यात कळूही द्यायचे नाही. आत्या, जूनमध्ये पंधरा दिवस ये. त्यांच्या घरात फोन मामाच उचलतात, तेव्हा होकार मामींच्या नावाने, माझ्या पत्त्यावर, पत्रानेच कळव. त्या मराठी बोलतात छान, पण वाचायला वेळ लागतो. अक्षर मोठे काढ.