बाबांच्या शिक्क्याचा गज

मिरकूर, १४ नोव्हेंबर १९८७

प्रिय रेमी,

तू आणि तुझं पॅरिसचं दुकान मजेत असाल. थंडीने आईचा गुडघा पुन्हा धरलाय, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुझ्यासाठी ठेवलेला मिराबेलचा मुरंबा काल मीच संपवला. का, ते सांगते.

मंगळवारी लिऑनहून मादाम वासेर आल्या, चेलो वाजवतात. त्याच्या गजाचे केस बदलायचे होते. "तुमच्या वडिलांचा आहे," म्हणाल्या. "आईचं शेत विकून पॅरिसला तुमच्या भावाकडून घेतला. तुम्ही लेकच त्यांची, खरेपणाचा दाखला तेवढा लिहून द्या."

मुठीपाशी काठीवर बाबांचा शिक्का होता. मी गज तोलला, काठीचा बाक डोळ्यासमोर धरून पाहिला. ओळखीचा वाटला, पण मी शिकले बाबांच्याच हाताखाली, तेव्हा वाटणारच. इतका सुंदर गज आता कोण करतं, असंही मनात आलं.

मग केस काढायला मूठ उतरवली. तिच्याखालच्या खाचेत पटाशी घसरल्याचा तिरका चरा दिसला. रेमी, तो चरा माझा आहे. मी ती खाच कोरत होते आणि इस्पितळाचा फोन वाजला, बाबा गेल्याचा. महिन्याने तो गज पुरा केला आणि शिक्का न मारता तुझ्याकडे विकायला पाठवला.

तुझं उत्तर अजून खणात आहे. "ओदिल, रागावू नकोस, पण तुझा हात जड आहे. गज तारेवर बसतच नाही. शाळेतल्या एका पोरीला कसाबसा खपवला. तू आपली केस बदलायची कामं कर." मी ऐकलं. सहा वर्षं एकही गज केला नाही. आणि बाबांचा शिक्का? दफनाच्या दिवशी तू म्हणालास, "आठवण म्हणून राहू दे गं," आणि मीच तो रुमालात बांधून तुझ्या हातात दिला.

पैशाचं जाऊ दे. गज चांगला आहे हे तुला माहीत होतं. नाहीतर त्यावर बाबांचं नाव टाकायची तुझी छाती झाली असती? माहीत असून तू मला तसं लिहिलंस. केसाने गळा कापलास माझा.

दाखला लिहायला बसले तशी आई मला आत घेऊन गेली.

"भाऊ आहे गं तो. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"आणि मी कोण आहे, आई?"

मी बाहेर येऊन मादामना सगळं सांगितलं. त्यांनी तो चरा बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "तुम्ही केलाय हा? मग दुसरा का नाही केला?"

मला रडूच आलं.

दाखल्यात खरं तेच लिहिलंय, नक्कल सोबत आहे. गुरुवारी त्या तुझ्या दुकानात येतील. शेताचे पैसे मागतील, गज मात्र सोडणार नाहीत. बाबांचा शिक्का त्यांच्याकडेच दे, त्या मला आणून देतील. मी रंधा काढलाय, काल धारही लावली.

जड हाताची,
ओदिल