नकाशावरचे बदाम

१ फेब्रुवारी, रविवार

— आणि वर म्हणे, "मेलेल्यांना झोपू दे!" बापाचं दर रविवारी फोनवर हेच. अरे, पण तो झोपलाय कुठे? पणजोबा तिबुर्सिओ यादवी युद्धात एब्रो नदीकाठच्या लढाईत गेला, हाडूकसुद्धा घरी आलं नाही. आजीनं स्वतःच्या बापाचं तोंड कधी पाहिलं नाही. आता मी राहतो तिथेच, एब्रोकाठच्या टेकडीवर, सांगाडे सापडलेत. आजीच्या तोंडात कापूस फिरवायचा, नळीत घालून डीएनए तपासणीला धाडायचा — एवढंच काम! मी रिकामी नळी घरी पाठवून महिना झाला. बाप म्हणतो, "तू तिकडे डुकरं कापायला गेलायस, हाडं उकरायला नाही."

तिकडे दक्षिणेला, आंदालुसियातल्या घरी म्हातारी वाट बघतेय. नव्वदीला आली.

४ फेब्रुवारी, बुधवार

कत्तलखान्यातून सुटलो, हात घासघासून धुतले, बारमध्ये गेलो. बुधवारी तिथे यादवी युद्ध धुंडाळणाऱ्यांची बैठक. टेबलावर टेकड्यांचा नकाशा, त्यावर फौजा — बदाम म्हणजे सरकारी, फुटाणे म्हणजे बंडवाले. बोलता बोलता मी बदाम तोंडात टाकत बसलो. बैठकीतले म्हातारे किमेतकाका ओरडले, "अरे डुकरमाऱ्या, अख्खी पलटण खाल्लीस!"

इथे नियम एकच. "आमचे-तुमचे" म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं सगळ्यांना वाइन पाजायची.

बैठक चालवतात रेमेईबाई. जुन्या नर्स. म्हणाल्या, "पणजोबांची पलटण मी शोधते. पण आजीची नळी आण रे बाबा, नाहीतर सगळं फुकट."

६ फेब्रुवारी

आजीला फोन लावला. बापानं उचलला. मी ठेवून दिला.

११ फेब्रुवारी, बुधवार

रेमेईबाईंना कागदांत पणजोबा सापडला. फुटाण्यांत!

लहानपणापासून ऐकत आलो — सरकारच्या बाजूनं लढला, हुतात्मा झाला. काही नाही! बंडवाल्यांनी गावातून धरून नेला, हातात बंदूक दिली. म्हणजे बदामांवर गोळ्या झाडणारा माझा पणजोबा. आणि किमेतकाकांचा बदामवाला चुलता त्याच उतारावर मारला गेलेला. वाटलं, आता उठून कानाखाली देतात. तर काकांनी बदामांची वाटी माझ्याकडे सारली. "खा. तुम्हा लोकांना बदाम आमचेच लागतात."

"आमचेच" म्हणाले! टेबल दणाणलं. पाजली बिचाऱ्यांनी सगळ्यांना.

१५ फेब्रुवारी, रविवार

बापाला सांगून टाकलं. तर म्हणतो, "मला माहीत आहे." माहीत आहे! "तुझी आजी त्याला हुतात्मा समजते. आता जाता जाता तिला हे ऐकवू?"

मी म्हटलं, तिला बाजू नकोय, बाप पाहिजे.

तिकडे बापाला खोकला आला की रडू, कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

आजी पहाटे गेली. बापाचा फोन. पाद्र्याला बोलवायच्या आधी त्यानं स्वतः तिच्या तोंडात कापूस फिरवला. नळी निघालीय. दफनभूमीच्या भिंतीत, शवपेट्या ठेवतात तिथे, तिच्या शेजारचा कप्पा मोकळा आहे म्हणाला. पणजोबासाठी अडवून ठेव म्हटलं. ४२० युरो पाठवतोय.