पाटीवरचं नाव

आई, परवा तो आला होता. जन्मठेप भोगून सुटल्याचं कानावर होतं, पण आपल्या दारात येईल असं वाटलं नव्हतं. "बाई हायेत काय?" म्हणाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता इथे मी राहते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. केस पिकलेले, दात पडलेले. मी आधी ओळखलंच नाही.

तुझा तो दुपारचा बायकांचा वर्ग! शनिवार आपला शब्बाथ, तो सोडून रोज, जेवणं उरकली की ओटीवर पाट्या मांडायचीस. मी पहिल्या बाळंतपणाला पनवेलला आलेली, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली. त्याची बायको सगळ्यांत पुढे. मिठागरात राबून तळव्यांना भेगा पडलेल्या, पण शिकायची हौस दांडगी. तू प्रत्येकीला पूर्ण नाव लिहायला लावायचीस. ती स्वतःचं लिहायची, आडनाव लिहायची, आणि मधे नवऱ्याचं नाव यायचं तिथे जागा सोडायची. "तोंडानं घेत नाय, मंग हातानं कसा घेऊ, बाय?" तू चिडायचीस, "अगं, लिहिलंस म्हणून काय झिजणार आहे तो?" एकदा बाकीच्या गेल्यावर तू हट्टालाच पेटलीस आणि तिनं लिहिलं. लाजून लालेलाल झाली, लगेच पदरानं पुसून टाकलं. आपण तिघी हसलो. किती हसलो गं!

दुसऱ्या दिवशी तिचा दंड काळानिळा. "पडले," म्हणाली. तू आंबेहळद उगाळून लावलीस. त्याच आठवड्यात ती घरामागच्या विहिरीत सापडली. तिच्या पेटीतून तिच्या नवऱ्यानंच पोलिसांना चिठ्ठी काढून दिली. पेन्सिलीनं लिहिलेली, माझ्या मरणाला कोणी जबाबदार नाही, आणि खाली पूर्ण नाव, मधली जागा भरलेली. अक्षरावरून काही ठरेना, कारण तोही तिच्यासारखाच, नुकता लिहायला शिकल्यागत मोठं वाकडं लिहायचा. पोलिसांनी तुला बोलावलं. तू चिठ्ठी वाचलीस आणि म्हणालीस, "ही तिची नाही. ती नवऱ्याचं नाव लिहीत नसे."

अलिबागच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले आहे, मांडीवर तान्हं बाळ. तू आपल्या यहुदी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतेस. त्याचा वकील विचारतो, "एकदाही लिहिलं नाही?" तू म्हणतेस, "एकदाही नाही." शनिवारी घरात काडी ओढू न देणारी तू!  न्यायाधीशांनी तुझा शब्द धरला, दंडावरचे वळ धरले आणि त्याला जन्मठेप झाली. घरी आल्यावर तू मासळीचे खवले काढायला बसलीस. मी म्हटलं, "आई, तिनं लिहिलं होतं." तू वरही पाहिलं नाहीस. "दंड पाहिला होतास ना तिचा? मग झालं तर. मीठ दे इकडे." त्यानंतर हा विषय निघालाच नाही.

परवा त्याला पाणी दिलं. पायरीवर बसून म्हणाला, "तुमी व्हतात तवा. खरा सांगा, माझा नाव लिवला व्हता ना तिनं?" मी रिकामं भांडं उचललं. मग तोच सांगायला लागला. त्या संध्याकाळी ती हसत घरी आली आणि आपणहून म्हणाली, आज तुमचा नाव लिवला. "मना राग आला. चार बायकांत माझा नाव घेतलास म्हनून मारला मी तिला. ता मना कबूल हाय. पन इहिरीत मी नाय ढकलला." मी विचारलं, मग कोर्टात का नाही सांगितलंत? "सांगितला आसता त कशाला मारला ता पन सांगायला लागला आसता. कोनी मानला आसता माझा?"

मी हो म्हटलं, आई. लिहिलं होतं, म्हटलं.  मग त्यानं विचारलं, "नीट लिवला व्हता?"

"नीट लिहिलं होतं," मी म्हटलं. तो उठला आणि गेला.

तो खोटंही बोलत असेल. त्यानंच ढकललं असेल आणि चिठ्ठीही त्यानंच लिहिली असेल. नाहीतर मारानं जिवाला विटून तिनंच ती लिहिली असेल, आणि मरताना तुझा धडा पाळून मधली जागा भरली असेल. मग तू एका माणसाला त्यानं न केलेल्या खुनासाठी आत घातलंस. आणि तो मार तिला आपल्या हट्टापायी, आपल्या हसण्यापायी बसला. आंबेहळद लावताना तुला हे कळलं होतं का गं? म्हणून शपथेवर खोटं बोललीस? परवापासून मला तुझा असा राग येतोय की तुझ्या फोटोकडे बघवत नाही. मग तो दंड आठवतो आणि रागही धड टिकत नाही.

तू असतीस तरी हे पत्र मी तुला दिलं नसतं. तू म्हणाली असतीस, "हो, कळलं होतं." ते ऐकायची माझी आजही तयारी नाही.