तीन बोटांचा हात

आई, सूनबाई उद्या सारोळ्याहून येते आहे आणि नात अजून दोन बोटं मिटतेच आहे. हे तुला सोडून कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून कागद घेतला. तुला वाचता येत नव्हतं आणि मला मराठी तिसरीच्या पुढचं लिहिणं जमत नाही, तेव्हा आपलं दोघांचं जुळेल. रॉकेल कार्डावर मोजून मिळतं, म्हणून उजेड आहे तोवर ओसरीत बसून लिहितो आहे. पोरगी आत झोपली आहे. मी मघापासून दोनदा जाऊन तिचे हात बघून आलो. झोपेत बोटं सगळी उघडी असतात.

तू हिला पाहिलं नाहीस. तू ज्या नातवाला न्हाणीत न्हाऊ घालायचीस, त्याची ही लेक. तो आता भोरला कचेरीत शिपाई आहे. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी, सारोळ्याला, जायला निघाली, तेव्हा पोरीला आमच्यापाशी ठेवून गेला. माझ्या बायकोचे गुडघे धरलेत. ती पोरीला कशीबशी न्हाऊ घालते, माझ्या मांडीवर टाकते आणि चुलीकडे जाते. पोर रडू नये म्हणून मी तिला अंग शिकवायला लागलो. मी माझ्या नाकाला बोट लावून नाक म्हणायचं, तिनं तिच्या नाकाला लावायचं. कान झाले, डोळे झाले, पोट झालं. पोट तर ती विचारायच्या आधीच वाजवून दाखवते. मग आला हात. उजव्या हातानं तिला धरलेली, म्हणून पुढे करायला डावाच मोकळा. म्हटलं, "हात कुठंय?" तिनं माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग आपला हात वर केला आणि दुसऱ्या हातानं त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबून मिटवलं. एवढ्याशा पोराची बोटं आपली आपण मिटत नाहीत, म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवली, आणि माझ्याकडे बघून हसली.

पहिल्या दिवशी मीही हसलो. दुसऱ्या दिवशी शेजारीण ताक मागायला आली होती, तिच्यासमोर पुन्हा तेच. "अगं बया! ही तर आज्याचा हात घिऊन आली की!" म्हणाली. "आता हिची आई म्हणंल, धडधाकट पोर ठिवली हुती, म्हाताऱ्यानं खुडून ठिवली." आळीभर त्याचा हशा झाला. मला मात्र तेव्हापासून घास गोड लागेना. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पोरीची बोटं धरून सरळ करत बसलो, हे बघ, पाच, पाच. ती रडायला लागली तशी बायको आतून ओरडत आली, "आवो, पोरीची बोटं हायती ती. बैलाची येसण न्हाई वढायला!" काल तर मी चिंधी फाडली होती, बोटांना काडी लावून बांधावी म्हणून. बायकोनं ती चिंधी हिसकून घेतली आणि तिनं तवा पुसला.

आणि या सगळ्यात, आई, तू आठवायला लागलीस. तू पोरांना अंग शिकवायचीस ते न्हाणीतच, तेल चोळताना. कोमट तेलाची वाटी, पाय लांब करून त्यावर पालथं घातलेलं पोर, आणि तुझं चाललेलं असायचं, "ही मान. मानंवर काय? डोकं. डोक्यात काय? अजून काय न्हाई." माझ्या धाकट्या बहिणीला शिकवतानाचं मला चांगलं आठवतं. बोटांपाशी आलीस की एकेक ओढून नाव घ्यायचीस आणि करंगळीला आलीस की ती दातांत धरल्यासारखी करायचीस. बहीण खिदळायची. तू कधी घाई केली नाहीस. चुलीवर भाकरी करपली तरी करंगळी झाल्याशिवाय उठली नाहीस.

मग माझा हात गेला. नीरेकाठच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना डाव्या हाताची शेवटची दोन बोटं उसाबरोबर आत गेली. बैल थांबवेपर्यंत व्हायचं ते झालं. तुझा नातू तेव्हा रांगत होता. जखम भरल्यावर एका सकाळी मी न्हाणीपाशी येऊन बसलो. तू त्याला पायांवर घेतलं होतंस. मान झाली, खांदा झाला. तू वर न बघता मला म्हणालीस, "हात पंच्याखाली घे. पोराला अंग शिकवतीया."

मी म्हटलं, "माझा हात म्हंजी अंग न्हाई व्हय?"

तू तांब्या भरलास आणि पोराच्या अंगावर ओतलास. मी उठलो, आणि पुढे कितीतरी दिवस गोठ्यात बसून जेवलो. तू ताट आणून ठेवायचीस आणि जायचीस. पुढे बोलणं सुरू झालं, पण ते पेरणीचं, गुरांचं. त्या सकाळचं तू काढलं नाहीस, मीही नाही. आणि मग तू गेलीस. माणसाच्या आईलाच त्याच्या हाताची किळस यावी, हे मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. कुणाला बोललो नाही.

पण या आठ दिवसांत मला वाटायला लागलं की उलगडलं. पोर जे समोर बघतं तेच शिकतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून झाकायला लावलंस. नातवानं उलटं शिकू नये म्हणून, माझी लाज वाटली म्हणून नव्हे. मी मात्र आज्या होऊन तेवढंही ध्यानात ठेवलं नाही. मला पोरीची काळजी आहेच, पण खरं सांगतो, ओझं उतरल्यासारखंही झालं. उद्या सूनबाई काय बोलायचं ते बोलो.

काल कागद इथंच ठेवला होता. आज ती आली. कापूरहोळपर्यंत मोटारीनं आणि पुढे गाडीनं. मांडीवर नवं बाळ. पोरगी आईला आधी ओळखेचना, आजीच्या लुगड्याआड लपली. मी खांबाशी हात उपरण्यात घालून बसलो होतो. सूनबाई म्हणाली, "हितं ये की गं. काय काय शिकलीस? नाक कुठं हाय?" पोरीनं नाक दाखवलं. "कान?" कान दाखवला. "आन् हात?" पोरीनं दोन्ही हात पुढे केले, दहाच्या दहा बोटं फाकून. मग माझ्याकडे वळली, करंगळी आणि शेजारचं बोट दाबून मिटवलं, तो हात आईपुढे धरला आणि म्हणाली, "आज्या."

सूनबाई हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. "मामंजी, पोर हाय वो ते. राग धरू नका."

राग कसला? तिचं कधी चुकलंच नव्हतं. मी माझा हात पुढे करून हात कुठंय विचारत होतो, आणि ती माझाच हात दाखवत होती. तिचा तिला ठाऊक होता. बायको म्हणते, "झालं ना आता? बसा सुखानं." पण सुखानं कसा बसू? रांगतं पोर फसत नाही, हे इतकी पोरं न्हाऊ घातलेल्या तुला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मग हात का झाकायला लावलास?

दुपारपासून एक आठवतं आहे. तुझ्या नातवाला बोटं शिकवताना तू मधल्या बोटापर्यंत यायचीस, थांबायचीस आणि तांब्या उचलायचीस. करंगळीचं ते दातांत धरणं त्याच्या वेळी झालंच नाही. ती दोन नावं तुझ्या तोंडातून निघत नव्हती की काय? की असं काही नव्हतंच, आणि मला हवं म्हणून मी आठवतो आहे? विचारायला घरात आता कुणी नाही. बायको म्हणते तिला काही आठवत नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, कुठे टाकायचाही नाही. घडी करून देव्हाऱ्यात तुझ्या नावानं बसवलेल्या चांदीच्या टाकाखाली सरकवीन म्हणतो. एक सांगायचं राहिलं. त्या टाकाला रोज हात जोडताना मी डावा उपरण्यात गुंडाळून मग जोडतो. आज सकाळीही तसाच जोडला. लिहिताना मात्र ते जमत नाही. वारा सुटला आहे, कागद दाबून धरायला तोच हात लागतो. मघापासून तो तुझ्यापुढे उघडाच आहे.