मेहुणा हलका होतो तेव्हा

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. खरं तेच लिहायचं. एकवीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासतोय. माझ्या नजरेतून ग्रॅम सुटत नाही, तिथे मेहुणा काय सुटणार! बायकोचा हा थोरला भाऊ चार दिवसांसाठी आला, त्याला सात आठवडे झाले. म्हणतो, ध्यानात शरीर हलकं होतं, लवकरच तरंगेन. त्यासाठी एकांत हवा, म्हणजे आमची बेडरूम. बायको म्हणाली, दादा खोटं बोलत नाही. म्हटलं, मोजू. खोटं निघालं तर त्याची बॅग दाराबाहेर, खरं निघालं तर बेडरूम त्याची. निकाल मी देणार, लेखी, आणि तो सगळ्यांनी मानायचा. मेहुणा लगेच कबूल. गेलाच म्हणून समजा.

४ मार्च
कोपऱ्यावरच्या वाण्याला चारचौघांत झापलं. काटा गोणपाटावर ठेवला होता गाढवाने! काटा कडक आणि सपाट जमिनीवर, हा पहिला धडा. बरं वाटलं.
संध्याकाळी ऑफिसचा काटा घरी आणला. हॉलच्या फरशीवर मेहुणा: ८४ किलो २००. त्यातले सहा तरी माझ्या घरचे.

५ मार्च
प्रयोग पहिला. फरशीवर मेहुण्याचे गुडघे दुखतात, गादीशिवाय ध्यान लागत नाही. ठीक आहे, विज्ञानात माणुसकी हवी. गादीवर काटा, काट्यावर मेहुणा. डोळे मिटले. ८१ किलो १००.
काटा बिघडला असणार.

६ मार्च
काटा बिघडलेला नाही. फरशीवर वीस किलोचं वजन ठेवलं, बरोब्बर वीस दाखवलं. मेहुणा पुन्हा गादीवर: ८० किलो ९००. तेही दोनदा वाढून घेऊन जेवल्यावर! बायकोने विचारलं, नीट बघितलंत ना? मी बघितलेलं कधी चुकलंय?

७ मार्च, पहाट
घर झोपलेलं असताना गुपचूप मीही बसलो. तीन किलो गायब! आणि मी ध्यानसुद्धा केलं नव्हतं, नुसता पेन्शनचा विचार करत होतो. म्हणजे माझी सिद्धी मेहुण्याच्या वरची. अरेरे, एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनात घालवली! साहेबांना सांगावं का? नको, जळतील.

८ मार्च
प्रमाणपत्र दिलं. 'प्रत्यक्ष तपासणीअंती सदर इसम ध्यानात हलका आढळला.' सही, शिक्का. हाताच्या सवयीने मुदतही घातली गेली: एक वर्ष. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बेडरूममध्ये गेला, गादीसकट.

९ मार्च, संध्याकाळ
बिल्डिंगमधल्या लोकांना प्रात्यक्षिक. वाण्यालाही मुद्दाम बोलावलं, चार चांगल्या गोष्टी शिकेल. मेहुणा बसला, आकडा उतरला, टाळ्या पडल्या. वाणी खाली वाकून बघत राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, साहेब, तेवढी गादी काढता का?
काढली. ८६ किलो ४००.
पहिली हसली ती बायको.
मेहुण्याला म्हटलं, भरा बॅग. त्याने खिशातून प्रमाणपत्र काढलं. बायकोने मुदतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, लेखी निकाल मानायचा, ही अट कोणाची होती हो?
वाण्याचा काटा पुन्हा तपासायला हवा.

१० मार्च, सकाळ
सलग दुसरी रात्र हॉलमध्ये काढली. उशी मिळाली, गादी नाही. पाठ धरली आहे. अजून तीनशे त्रेसष्ट रात्री. तक्रारीला जागा नाही. जमीन कडक आहे आणि सपाट आहे.