टोप्या घातलेली अक्षरं

४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण सरळ सांगते. तुझ्या बाबांचे शिलाई मशीनच्या दुरुस्तीवरचे लेख तू वेबसाइटवर लावलेस, ते वाचता येत नाहीत. मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात, एका लेखात तर नुसती प्रश्नचिन्हं. दादाने ते पाहिलं आणि पडदा बंद केला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आपलं वाचणंच गेलं, असं त्याने धरलंय. मी म्हटलं, अरे, मलाही वाचता येत नाही. तर म्हणतो, मन राखायला बोलतेस. मी आयुष्यात कुणाचं मन राखलंय का? पण तेव्हापासून त्याने वर्तमानपत्राची घडी मोडलेली नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तो समोरच बसलेला असतो.

ताबडतोब दुरुस्त कर. ख्यालीखुशाली मागाहून.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच संगणक उघडला. दोष बाबांचा नाही, माझ्या प्रोग्रामचा. तो साऱ्या फायली वाचून वेबसाइटची पानं एकदाच तयार करून ठेवतो. फायली होत्या युनिकोडमध्ये. त्याने त्या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या समजून वाचल्या. मराठीचं एक अक्षर तीन आकड्यांत साठवलेलं असतं, त्याने प्रत्येक आकड्याचं वेगळं इंग्रजी अक्षर केलं. आता वाचताना, लिहिताना आणि पानाच्या माथ्यावर, तिन्हीकडे युनिकोडच, असं त्याला बजावलंय. टोप्या उतरल्या.

प्रश्नचिन्हांचं दुखणं मात्र वेगळं. टोपीखाली अक्षर शाबूत असतं. प्रश्नचिन्ह झालं की ते गेलंच. ‘टाका का सुटतो’ हा लेख मी दुसरी प्रत न ठेवता मूळ फायलीतच बदलून बसले. टाइप तूच केला होतास, तुझ्या संगणकात असेल ना? रागव, पण आधी शोध.

तुझी वेंधळी ठमी

१५ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

प्रत नाही. संगणक दुरुस्तीवाल्याने सगळा कोरा करून दिला होता.

रविवारी नवी पानं उघडली आणि दादाला खुर्चीसकट पुढे ओढलं. तो बघेचना. मग मीच मोठ्याने वाचू लागले आणि घाईत एक ओळ गाळली. त्याचं बोट पडद्यावर आलं. शब्द ओढत म्हणाला, तेल कोण घालणार, तुझा काका? गाळलेली ओळ त्याने स्वतः वाचून दाखवली, अख्खी. मग पुढचं पान मागितलं. मी चष्मा पुसत बसले. हे कुणाला सांगायचं नाही.

हरवलेला लेख त्याने नव्याने सांगितला. पहिला ऐसपैस होता, हा पानभर. मी शब्द पुरवायला गेले की हात वर करायचा. शेवट मात्र नवा आहे: मशीनला नावं ठेवण्याआधी सुई बघा, सुई बरी असेल तर गिऱ्हाइकाला पाणी द्या, ते घाबरलेलं असतं.

बापाला फोन कर, पण त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. आम्हा दोघांवर जीव आहे तसाच ठेव.

तुझी आत्या

दादाच्या जुन्या गिऱ्हाईक शिंपीणबाई तिकडे येताहेत, त्यांच्या हाती दिलं: पेनड्राइव्ह एक, नवा लेख युनिकोडमध्ये; त्याचाच छापील कागद एक, दादाने वाचून दोन चुका खुणावलेला. दोन्ही माझ्या.