आयसिंग मला कळलं आहे

३ जानेवारी
लेक लहान असताना फरशी धुता धुता आम्ही दोघी साबणाची वडी सरकवून खेळायचो. माझी वडी थेट मोरीत गेली की ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, फाऊल! आता तिची मुलगी आइस हॉकी खेळते. नातीकडे अंतिम सामन्याचा पुढच्या रांगेचा एकच पास आहे. आज्या दोन : मी आणि विहीणबाई. जिला आयसिंगचा नियम कळेल तिला पास, असं नात म्हणाली. म्हणजे मलाच. आम्ही कॉन्व्हेंटच्या.

५ जानेवारी
नियम वाचला. मधल्या रेषेच्या अलीकडून मारलेली चकती कुणालाही न लागता पलीकडची गोलरेषा ओलांडून गेली, की आयसिंग. शिट्टी. खेळ पुन्हा मारणाऱ्यांच्याच गोलापाशी सुरू. ही तर आमची साबणाची वडी! खाली बारीक अक्षरात अपवाद होता. चष्मा वरच्या खोलीत. सिस्टर म्हणायच्या, नियम पक्का असला की अपवाद आपोआप कळतो. बहुधा म्हणायच्या.

९ जानेवारी, जेवताना
जावईबापूंना शिकवलं. मिठाची बाटली गोलकीपर, त्यांच्या कोटाचं बटण चकती. ते अपवादाचं काहीतरी सांगू बघत होते. म्हटलं, आधी सूपमधून बटण काढा.

१२ जानेवारी
तोंडी परीक्षा. घडाघडा म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, बाई गं, मला ती चकतीच दिसत नाही. बिचाऱ्या. पास मला, त्यांना मागची रांग.

१७ जानेवारी
अंतिम सामन्याची शेवटची मिनिटं. दोन्हीकडे सारखे गोल. आमच्या संघातली एक मुलगी शिक्षेच्या बाकावर. नातीने चकती भिरकावली ती थेट पलीकडच्या टोकाला. कुणाची काठी लागली नाही. आणि शिट्टीही नाही! पक्षपात मला जमत नाही, मग नात का असेना. उभी राहिले, काच बडवली, आयसिंग! आयसिंग! पंच खेळ चालूच राहू देत होते. नात मात्र थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बाजूने समोरच्या संघातल्या दोघी चकती घेऊन सुसाट गेल्या. गोल. हरलो.

गाडीत जावईबापूंनी सांगितलं, आपली खेळाडू शिक्षेवर असेल तर आयसिंग धरत नाहीत. हे ठळक छापायला काय झालं होतं?

१८ जानेवारी
दिवसभर नातीच्या खोलीचं दार बंद. संध्याकाळी नात येऊन मांडीवर डोकं ठेवून पडली. म्हणाली, आजी, कोचपेक्षा तुझाच आवाज मोठा आहे गं.

पुढच्या मोसमासाठी लिहून ठेवते. बटण जावईबापूंना परत द्यावं. पुढच्या रांगेचा पास विहीणबाईंना. मागची रांग मला. घशाच्या गोळ्याही विहीणबाईंनाच द्या. नातीच्या मते माझा घसा बसलेलाच बरा.